बाकूचा दुभाषी

पडदा काळा आहे आणि नुसते म्हाताऱ्या माणसांचे आवाज येताहेत. एकाला साल आठवत नाही. तेरा होतं की सतरा, यातच तो घुटमळतो आणि म्हणतो, ओळखीची माणसं आता विसरायला लागलोय. दुसरं कुणी विचारतं, ते दोघं समाजवादी होते का? असतील बहुतेक, पण फार मोठे कुणी नव्हते. मग एकेक चेहरा दिसू लागतो. मागे काळोख, गालावर एका बाजूनं उजेड. खाली नाव नाही, हुद्दा नाही. क्रांतीवरचा चित्रपट बघायला म्हणून आपण बसलेलो असतो आणि दिग्दर्शक आधी विस्मरण दाखवतो.

वॉरन बेटीचा ‘रेड्स’ 1981 सालचा. लांबी सव्वातीन तास, त्यामुळे मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मित्राकडच्या दोन तबकड्यांवर, मध्ये भाकरी खाऊन. त्या वेळी मी इथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, एका दैनिकात उपसंपादक होतो. अलीकडे निवृत्तीनंतर पुन्हा पाहिला. पहिल्या खेपेला प्रेमकथा दिसली होती. या खेपेला एकच गोष्ट दिसली, ती म्हणजे माणसानं लिहिलेलं किंवा बोललेलं वाक्य वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यापर्यंत पोचेस्तोवर वाटेत किती हात त्याला लागतात. उपसंपादकाला दुसरं काय दिसणार म्हणा.

कथा खऱ्या माणसाची. जॉन रीड, जन्म 1887, अमेरिकेतल्या पोर्टलंडचा. मेक्सिकोतल्या बंडाळीत फिरून त्यानं पुस्तक लिहिलं. 1917 च्या ऑक्टोबर क्रांतीच्या वेळी तो पेट्रोग्राडमध्ये होता आणि जे पाहिलं त्यावर 1919 मध्ये ‘टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड’ हे पुस्तक आलं. लेनिननं त्याला प्रस्तावना दिली. पुढच्याच वर्षी, तेहतिसावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, रीड मॉस्कोत टायफसनं गेला. क्रेमलिनच्या भिंतीपाशी पुरलेल्या मोजक्या अमेरिकनांपैकी तो एक. त्याची बायको लुईझ ब्रायंट स्वतः पत्रकार. रशियावर तिचं पुस्तक त्याच्याही आधी, 1918 मध्ये निघालं. बेटीनं स्वतः रीड केला, डायन कीटननं लुईझ.

ते म्हातारे, म्हणजे चित्रपटाचे ‘साक्षीदार’, संख्येनं बत्तीस. रीडला किंवा त्या काळाला पाहिलेली खरीखुरी माणसं. त्यात विल ड्युरंट आहे, ज्याचे संस्कृतीच्या इतिहासाचे जाडजूड खंड आपल्याकडच्या वाचनालयांत काचेच्या कपाटात उभे असतात. लेखिका रिबेका वेस्ट आहे. हेन्री मिलर आहे, आणि तो आपल्या स्वभावाला धरून सांगतो की स्त्रीपुरुषांच्या भानगडी तेव्हाही आजच्याइतक्याच चालत, फक्त आज त्यात प्रेम उरलेलं नाही. हॅमिल्टन फिश आहे, ज्यानं 1930 मध्ये कम्युनिस्टांची चौकशी करणारी संसदीय समिती चालवली. बेटीनं ही माणसं चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून गाठून ठेवली होती. पडद्यावर यायच्या आत काही गेलीसुद्धा, मिलर 1980 मध्येच.

गंमत अशी की ही मंडळी एकमेकांशी जुळत नाहीत. एक म्हणतं रीड पोरकट होता, दुसरं म्हणतं धगधगता होता. एक बाई लुईझचं नाव निघताच ओठ मुडपते. दिग्दर्शक कुणाचीच बाजू घेत नाही, कुणाला गप्प करत नाही. आपल्याकडे गावात पारावर बसलेल्यांना बेचाळीसची गोष्ट विचारली तर असंच होतं. पूल उडवला त्या रात्री नक्की कोण होतं यावरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण लागतं, आणि तिसरा मधेच सांगतो की त्या रात्री आमची म्हैस व्यायली. इतिहासाच्या पुस्तकातून म्हैस गळते. बेटीनं ती ठेवलीय. नंतर येणारा भव्य देखावा आपल्याला खरा वाटतो तो या म्हशीच्या जोरावर.

गोष्टीला सुरुवात होते तीही पळण्यानं. मेक्सिको, धुरळा, बाँबगोळे, आणि एक घोडागाडी पुढे निघालीय. रीड तिच्यामागे जीव खाऊन धावतोय, गाडीत हात घालायला बघतोय. सेकंदभराचं दृश्य, संवाद एकही नाही. बातमीच्या मागे धावणारा माणूस, एवढंच आपण समजतो. हे दृश्य लक्षात ठेवायचं आहे, हे तेव्हा कळत नाही.

पुढे पोर्टलंडच्या एका क्लबात शिष्ट लोकांसमोर त्याला उभं करतात. युरोपात हे युद्ध कशासाठी चाललंय, तुम्ही सांगा. रीड उठतो, ‘नफा’ एवढा एकच शब्द बोलतो आणि खाली बसतो. मी ते दृश्य मागे नेऊन तीनदा पाहिलं. एका शब्दाचा मथळा! आमच्या धंद्यात अशा माणसाला डोक्यावर घेतात. पण बेटी लगेच पुढचं दाखवतो: त्याच रात्री लुईझ मुलाखतीला येते आणि हाच माणूस पहाटेपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. सभेत एक शब्द, घरात एक लाख. पत्रकार आणि वक्ता हे दोघं एकाच अंगरख्यात राहतात आणि त्यांचं आपसात पटत नाही, हे इथेच पेरलेलं आहे.

आणखी एक पेरणी न्यूयॉर्कमध्ये. तिथल्या संपादकाला रीड बजावतो की मी लिहिलेलं तुम्ही नव्याने लिहायचं नाही. तरुण, नावाजलेल्या वार्ताहराची ऐट म्हणून आपण हसून सोडून देतो. मी तर संपादकाच्या बाजूनं हसलो होतो. असे वार्ताहर आम्हीही पाहिलेत, दोन काने आणि एक वेलांटी सुधारली तरी तोंड फुगवणारे.

मग रशिया. लुईझ त्याच्यासोबत जाते ती बायको म्हणून नाही, स्वतःच्या नावानं लिहिणारी पत्रकार म्हणून, तशी अट घालून. गाडीच्या डब्यात दोघं दोन बाजूंना. विट्टोरिओ स्टोरारोनं छायाचित्रणाचं ऑस्कर मिळवलं ते उगीच नाही. पेट्रोग्राडच्या खोल्यांतला तो तांबूस-पिवळा उजेड दिवाबत्तीच्या वेळच्या आपल्या जुन्या वाड्यांतला वाटतो, माजघरात कंदील आणि कोपरे काळे. (हे पेट्रोग्राड म्हणजे हेलसिंकी. सोव्हिएत परवानगी मिळाली नव्हती.) दोघं दिवसभर गर्दीत हिंडतात, टिपणं काढतात, रात्री एकाच टेबलावर एकमेकांचा मजकूर तपासतात. दोन लिहिणाऱ्या माणसांचं प्रेम इतक्या नेमकेपणानं दाखवलेलं मी फार कमी पाहिलं आहे: ती त्याचं वाक्य खोडते आणि त्याला राग येत नाही.

मग कारखान्यातली ती सभा. रीड तिथे टिपणवही घेऊन गेलेला आहे. कुणीतरी ओढून त्याला पुढे करतं, अमेरिकेच्या कामगारांच्या वतीनं बोल म्हणतं. तो अडखळतो, दोन वाक्यं बोलतो, दुभाषी ती रशियनमध्ये सांगतो आणि सभागृह उसळतं. बेटीनं स्वतःच्या चेहऱ्यावर इथे फार सुंदर गोष्ट केलीय. टाळ्या पडल्यावर रीड आधी दचकतो, मग त्याला ते आवडतं. त्या एका क्षणात साक्षीदार उठून घटनेत जाऊन बसतो. मागोमाग ‘इंटरनॅशनल’चे सूर, रस्त्यांवर मशाली, हिवाळी राजवाड्यावर चाल करून जाणारी माणसं, मध्येच त्या दोघांचं पुन्हा जवळ येणं, आणि मध्यंतर. खरं सांगायचं तर हा भाग मला आता जरा गोडच वाटतो. क्रांती आणि शृंगार एकाच गाण्यावर चढवायचे म्हणजे आपल्या हिंदी चित्रपटांचंच काम झालं. पण आधी दुभाष्याचा आवाज येऊन गेलाय, हे विसरू नये. इथे दुभाष्यानं रीडला जसंच्या तसं पोचवलं. निदान रीडला तसं वाटलं. त्याला रशियन येत नव्हतं.

आमच्या गावाचा आणि पत्रकारांचा पहिला मोठा संबंध आला तोही याच दुखण्यातून. 1881 च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज वेडे ठरवले गेले होते आणि कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, असा बोभाटा होता. पुण्याच्या या नव्या पत्रांनी बर्व्यांविरुद्ध लिहिलं, त्यांच्या म्हणून सांगितल्या गेलेल्या पत्रांच्या आधारावर. बर्व्यांनी फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. जुलै 1882 मध्ये आगरकर आणि टिळकांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले एकशेएक दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. महाराज पुढे 25 डिसेंबर 1883 ला अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत गेले. छळाची ओरड खोटी होती असं आजही कुणी म्हणणार नाही, पण हाती आलेला कागद खोटा होता. रीडकडे होतं ते पुण्याच्या त्या दोन तरुणांकडे नव्हतं, म्हणजे वाड्याच्या आत उभं राहून पाहणारे डोळे. त्यांच्यापर्यंत जे आलं ते कुणाच्या तरी हातून आलेलं होतं.

आणि आत उभा असलेला मराठी साक्षीदार म्हटलं की गोडसे भटजी. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेला आणि सत्तावनच्या धामधुमीत झाशीच्या वेढ्यात सापडला. वर्तमानपत्राचा वार्ताहर नव्हता, तरी पाणी कुठे मिळालं, जीव कुठे लपवला, कुणाचे हाल कसे झाले हे सगळं त्यानं टिपलं. त्याचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापला, पण त्यात पुष्कळ कापाकाप आणि डागडुजी करून. भटजीचं मूळ हस्तलिखित दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केलं ते थेट 1966 मध्ये. मधल्या एकोणसाठ वर्षांत लोकांनी वाचला तो वैद्यांनी मांडीवर घेऊन न्हाऊमाखू घातलेला भटजी. वैद्य मोठे विद्वान, हेतू वाईट नसणारच. संपादकाचा हेतू कधीच वाईट नसतो.

‘रेड्स’चा उत्तरार्ध बैठकांचा आहे आणि पुष्कळांना तो कंटाळवाणा वाटतो. मला नाही वाटला. अमेरिकेत डाव्यांचा एक पक्ष फुटून दोन होतात, दोघंही स्वतःला खरं म्हणवतात, सभागृहाचं दार कुणी अडवायचं यावरून हमरीतुमरी. महाराष्ट्रात डाव्यांच्या फुटी पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला इथे उपशीर्षकांची गरज पडू नये. मॉरीन स्टेपलटननं साकारलेली अराजकतावादी एमा गोल्डमन इथे चित्रपटाचं माप होते. ती आधी क्रांतीच्या बाजूनं आलेली, आणि पेट्रोग्राडच्या थंडीत बसून ती रीडला सांगते की हे आपण मागितलं होतं ते नाही. स्टेपलटनला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. जॅक निकोल्सनचा नाटककार युजीन ओनील याआधी येऊन जातो. तो थोडं बोलतो, ग्लास हातात धरून, आणि रीडच्या सगळ्या भाषणांपेक्षा ते जास्त लागतं.

आता बाकू. सप्टेंबर 1920. पूर्वेकडच्या जनतेची परिषद, सुमारे दोन हजार प्रतिनिधी: तुर्क, इराणी, कॉकेशसमधले, मध्य आशियातले. उन्हाचा भगभगीत उजेड, पागोटी, दाढ्या, हातात तलवारी. पेट्रोग्राडचा तांबूस काळोख संपलेला आहे. रीड मंचावरून बोलतो. त्याच्या एकेका वाक्यानंतर तीन-चार भाषांतले दुभाषी तेच वाक्य आपापल्या घोळक्याला ओरडून सांगतात, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. पाटातलं पाणी वाफ्यावाफ्यात फिरावं तसं वाक्य फिरतं. आणि एका ठिकाणी गर्दी अचानक पेटते. तलवारी वर जातात, आरोळ्या उठतात, हवेत गोळ्या सुटतात. रीड चमकतो. एवढं पेटण्यासारखं तो काय बोलला? चौकशी केल्यावर कळतं: तो म्हणाला होता वर्गयुद्ध, दुभाष्यानं सांगितलं धर्मयुद्ध.

कारखान्यातल्या त्या सभेचं हे उलटं आहे. तीच टाळी, तोच मंच, तोच न कळणाऱ्या भाषेतला जल्लोष. फक्त आता वक्त्याला कळलंय की टाळी त्याच्या वाक्याला नाही. परतीच्या आगगाडीत तो बोल्शेविक पुढारी झिनोव्हिएव्हला गाठतो. ही भूमिका जर्झी कोझिन्स्की या कादंबरीकारानं केलीय, आणि लेखकानं सेन्सॉर होण्याचा हा विनोद बेटीनं जाणूनबुजून केला असणार. झिनोव्हिएव्ह शांतपणे सांगतो की बदल त्याच्या संमतीनं झाला, कार्याच्या हितासाठी झाला. आणि रीडच्या तोंडून न्यूयॉर्कच्या संपादकाला ऐकवलेलं तेच वाक्य पुन्हा येतं. तेव्हा ती ऐट होती. आता त्याच्याजवळ तेवढंच एक उरलंय. माणसातलं वेगळेपण पुसलं तर मतभेद मरतो, आणि मतभेद मेला तर क्रांतीही, असं काहीसं तो बोलू लागतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीवर तोफगोळा येऊन पडतो.

नेमका त्या वाक्यावर हल्ला, हे बेटीचं रचलेलं. पण काय रचलंय! इतका वेळ त्याचे शब्द माणसं बदलत होती, आता स्फोट ते तोडतो. बाहेर धुरळा, घोडेस्वार, एक गाडी पुढे निघालेली, आणि रीड तिच्यामागे धावतोय. मेक्सिकोतलं ते पहिलं दृश्य. आपण मधल्या सगळ्या काळात त्याला पत्रकार, प्रियकर, वक्ता, पुढारी होताना पाहिलं, आणि शेवटी तो पुन्हा तिथेच आहे, गाडीच्या मागे, हातात टिपणवहीसुद्धा नाही.

इथे मी चित्रपट थांबवला आणि बराच वेळ नुसता बसलो. कारण सांगायला हवं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसदराचं आंदोलन होतं. पहिल्या उचलीवरून कारखाने आणि शेतकरी यांच्यात दरवर्षी जे होतं तेच. कागलकडचा आमचा एक बातमीदार, स्वतः दोन एकर ऊस करणारा, वहीच्या रुळाच्या कागदावर बातमी लिहून एसटीच्या कंडक्टरकडून पाठवायचा. त्यानं लिहिलं होतं: चाळीस-पन्नास शेतकरी महामार्गावर बसले. भजन म्हटलं. पोलीस आले. साडेबाराला उठले. एवढंच. रात्रीचे अकरा, पान सुटायचं होतं आणि वर चार कॉलमांची जागा मोकळी. मी मथळा दिला: ‘शेतकऱ्यांचा एल्गार, महामार्ग ठप्प’. मजकुरात ‘संतप्त’ टाकलं, ‘आक्रमक’ टाकलं, भजन काढलं. भजनानं एल्गार जमेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. ‘‘साहेब, मी एल्गार कुठं लिवला हुता? एक यष्टी थांबली हुती, ती बी रिकामी. लोक मला इचाराय लागल्यात, महामार्ग ठप्प हुता तर तू कसा घरला जेवाय आलास?’’ मी नेहमीचं उत्तर दिलं: जागा होती, वजन द्यावं लागतं, तुझ्याच लोकांचं बरं झालं ना. कार्याच्या हितासाठी. ते शब्द मी वापरले नाहीत, पण अर्थ तोच. पहिल्यांदा ‘रेड्स’ पाहिला तो याच्या थोड्याच दिवसांनी, आणि बाकूच्या दृश्यात मला दुभाषी दिसलासुद्धा नाही. मी रीडकडे बघत होतो. सगळेच रीडकडे बघतात.

आमच्या या सिनेमाच्या गावाला शब्द बदलले जाणं नवं नाही म्हणा. रीड गेला त्याच 1920 मध्ये बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आला, घरी बनवलेल्या कॅमेऱ्यावर घेतलेला. त्या कॅमेऱ्याच्या आठवणीचा स्तंभ खरी कॉर्नरला आहे. पुढे इथेच सुरू झालेल्या प्रभातनं 1930 मध्ये ‘स्वराज्याचे तोरण’ काढला, तर सरकारी सेन्सॉरला ‘स्वराज्य’ शब्द खुपला आणि तो चित्रपट ‘उदयकाल’ या नावानं लागला. शब्द कापणारा तिथे परका होता, त्यामुळे राग धरायला सोपं. आणि टिपणवहीतून उठून मंचावर गेलेली माणसंही आम्ही पाहिली. भाई माधवराव बागल घ्या. चित्रकार, लेखक, वडील खंडेराव ‘हंटर’ पत्राचे संपादक. मुलगा प्रजा परिषदेच्या लढ्यात उतरला आणि तुरुंगात गेला. बिंदू चौकातून जाताना फुले-आंबेडकरांचे पुतळे दिसतात ते त्यांच्याच पुढाकारानं 1950 मध्ये बसलेले, बाबासाहेब हयात असताना. बागलांचं वाक्य कुणी परस्पर बदललं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करून मला आत्ताही हसू येतं.

‘रेड्स’मधल्या उणिवा सांगायलाच हव्यात. लुईझ बर्फातून पायपीट करत फिनलंडपर्यंत जाते तो सगळा भाग बनावट आहे आणि लांबलेला आहे. डायन कीटनच्या चेहऱ्यावर एरवी इतकं घडतं, तिला बर्फातून चालवायची गरज नव्हती. लेनिन, ट्रॉट्स्की येतात ते कॅलेंडरवरच्या चित्रांसारखे. आणि चित्रपट रीडच्या इतका प्रेमात आहे की त्याच्या लेखणीतल्या पक्षपाताकडे तो डोळेझाक करतो. रीडनं स्वतः पुस्तकात मान्य केलं होतं की त्या झगड्यात त्याची सहानुभूती तटस्थ नव्हती. हा प्रामाणिकपणा पडद्यावर हवा होता.

पण शेवटाला हे सगळं माफ होतं. मॉस्कोचं स्टेशन. गोळ्यांनी चाळण झालेली गाडी येते, लुईझ उतरणाऱ्यांत त्याला शोधते. स्ट्रेचरवरून एक देह जातो, ती थबकते. मग वळते, आणि तो उभा असतो. मिठीत तो एवढंच म्हणतो की मला सोडून जाऊ नकोस. लाखो शब्द बोललेला माणूस आता पुन्हा क्लबातल्या रात्रीसारखा, मोजक्या शब्दांवर आलेला. मग दवाखाना, ताप, ती त्याच्यासाठी पत्र्याच्या पेल्यातून पाणी आणायला जाते, आणि परत येईपर्यंत तो गेलेला असतो. मृत्यू पडद्यावर घडत नाही. ती बाहेर होती म्हणून आपणही बाहेर. साक्षीदार नेमका त्या क्षणाला हजर नव्हता. त्यानंतर पुन्हा ते म्हातारे बोलू लागतात, आपापलं, एकमेकांशी न जुळणारं.

गेल्या आठवड्यात मी कागलला फोन केला. आमचा बातमीदार आता सत्तरीला आलाय, लिहायचं सोडलंय, ऊस मुलगा बघतो. त्याला बाकूची सगळी गोष्ट सांगितली. वर्गयुद्ध, धर्मयुद्ध, तलवारी, गाडीतलं भांडण. आणि माफी मागावी तसं काहीतरी बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘‘त्या दुभाष्याला बोल लावू नका साहेब. त्याला वरनं सांगितलं आसंल.’’

जरा थांबला.

‘‘तुमास्नी कुणी सांगितलं हुतं?’’

मला कुणीच सांगितलं नव्हतं.